जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी

सकाळी कॉम्प्युटरचं बटण दाबायचं, गॅसवर चहाचं आधण ठेवायचं, चहा गाळून कपात ओतायचा आणि परत येऊन बघायचं, तर स्क्रीनवर तो गोल अजून फिरतोच आहे. हे दृश्य अनेक घरांत रोजचं आहे. मग कुणीतरी म्हणतं, "आता नवीनच घेऊ या." दुकानदारही मान डोलावतो. आणि ज्या कामाला दोन-अडीच हजार पुरले असते, तिथे तीस-चाळीस हजारांचा खर्च उभा राहतो.

मुलांचा अभ्यास, बाबांचे बँकेचे हिशेब, आईची भिशीची वही, दहा-बारा वर्षांचे लग्न-बारशांचे फोटो, असं सगळं त्या एका डब्यात असतं. त्यामुळे प्रश्न फक्त पैशांचा नाही. घाईत घेतलेल्या निर्णयात डब्याबरोबर फोटोही जातात.

आमचं नगरा हे झाशीतलं रेल्वेच्या शेजारानं वाढलेलं ठिकाण. इथला रेल्वे वर्कशॉप १८९५ पासूनचा. मालगाडीचा डबा जुना झाला म्हणून कुणी लगेच भंगारात काढत नाही. ठराविक काळाने तो वर्कशॉपमध्ये येतो, उघडला जातो, झिजलेले भाग बदलले जातात आणि पुन्हा रुळावर जातो. रेल्वेवाले याला 'पीओएच' म्हणतात, म्हणजे पिरिऑडिकल ओव्हरहॉलिंग. घरच्या डेस्कटॉपलाही हाच न्याय लावता येतो, कारण लॅपटॉप किंवा मोबाइलसारखा तो चिकटवून बंद केलेला नसतो. चार स्क्रू काढले की आतला प्रत्येक भाग वेगळा करता येतो.

सगळ्यात आधी बॅकअप

कॅबिनेटला हात लावण्याआधी महत्त्वाच्या फाइल दुसरीकडे कॉपी करा. जाणकार यासाठी ३-२-१ हा नियम सांगतात: फाइलच्या ३ प्रती, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यांतली १ प्रत घराबाहेर. सोप्या भाषेत, एक प्रत कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि एक गुगल ड्राइव्हसारख्या ऑनलाइन जागेत किंवा दुसऱ्या गावी राहणाऱ्या ताईकडे.

हार्ड डिस्कमधून 'टक-टक' असा आवाज येत असेल, तर थांबा. आतला वाचणारा भाग बिघडत चालल्याची ही खूण असू शकते. अशा वेळी कॉम्प्युटर पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नका. डिस्क चालत असेल, तर आधी फक्त सगळ्यात महत्त्वाचे फोटो आणि कागदपत्रं कॉपी करा. डिस्क पूर्ण बंद पडल्यावर डेटा परत मिळवण्याचा खर्च नव्या डिस्कच्या कितीतरी पट होतो आणि त्यातही खात्री नसते.

दुखणं नेमकं कुठे आहे?

कॉम्प्युटर मंद चालतो म्हणजे नेमकं काय, हे फुकटात समजतं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या परफॉर्मन्स या भागात सीपीयू, मेमरी आणि डिस्क किती टक्के वापरात आहेत ते दिसतं. रोजचं काम करताना पाच-दहा मिनिटं तिकडे लक्ष ठेवा.

डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल, तर दोष जुन्या हार्ड डिस्कचा. मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर असेल, तर रॅम कमी पडते आहे. सीपीयू काहीही न करता ८०-९० टक्क्यांवर असेल, तर एखादा नको असलेला प्रोग्रॅम किंवा व्हायरस मागे चालू असू शकतो. त्यासाठी पैसे खर्च करण्याची गरज नाही, साफसफाईची आहे. तिथल्याच स्टार्टअप या भागात जाऊन, कॉम्प्युटर सुरू होताच आपोआप उघडणारे अनावश्यक प्रोग्रॅम बंद करा.

पहिला खर्च एसएसडीचा

जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या फिरतात, बहुतेक वेळा मिनिटाला ७,२०० वेळा. माहिती शोधायला एक बारीक दांडी त्या चकतीवर इकडून तिकडे सरकते. एसएसडीमध्ये हलणारं काहीच नसतं. साधी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० ते १५० एमबी माहिती वाचते, तर साटा एसएसडी ५०० एमबीच्या आसपास. पण खरा फरक लहान लहान फाइल शोधताना पडतो. हार्ड डिस्कला प्रत्येक फाइल सापडायला साधारण १० मिलिसेकंद लागतात, एसएसडीला त्याच्या शंभराव्या भागाएवढे. विंडोज सुरू होताना अशा हजारो फाइल उघडाव्या लागतात. म्हणूनच तीन-चार मिनिटं लागणारी सुरुवात अर्ध्या मिनिटावर येते.

घरच्या कामाला २५६ जीबी पुरते, ५१२ जीबी असेल तर निवांत. जुनी हार्ड डिस्क चांगल्या स्थितीत असेल, तर ती काढू नका. विंडोज एसएसडीवर टाका आणि फोटो-व्हिडिओ जुन्या डिस्कवर राहू द्या.

विकत घेताना दोन गोष्टी बघा. तुमच्या मदरबोर्डवर एम.२ नावाचा छोटा आडवा स्लॉट आहे का? असेल, तर त्यात साटा चालते की एनव्हीएमई, हे बोर्डाच्या मॉडेल नंबरवरून पाहून घ्या. दोन्ही दिसायला सारख्या असतात, पण एकीच्या जागी दुसरी चालेलच असं नाही. स्लॉट नसेल, तर अडीच इंची साटा एसएसडी जवळपास कुठल्याही डेस्कटॉपला बसते. मॉडेल नंबर शोधायला स्टार्टमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडा आणि बेसबोर्ड प्रॉडक्ट ही ओळ वाचा. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवला की दुकानात अंदाजपंचे काही सांगावं लागत नाही.

मग रॅम

४ जीबी रॅमवर आजचा ब्राउझर चालवणं म्हणजे एका पाटावर चौघांना जेवायला बसवणं. घरच्या कामाला ८ जीबी पुरते. मुलं व्हिडिओ एडिटिंग किंवा कोडिंग करत असतील, तर १६ जीबी घ्या.

टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक केलं की किती स्लॉट भरलेले आहेत तेही दिसतं. दोनपैकी एकच भरलेला असेल, तर जुनी पट्टी न काढता तेवढ्याच क्षमतेची आणखी एक लावता येते. सारख्या दोन पट्ट्या एकत्र काम करतात आणि वेगही थोडा वाढतो.

मात्र पिढी जुळली पाहिजे. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या पट्ट्यांना खाली जो काप असतो, तो प्रत्येकीत वेगळ्या जागी असतो. एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. बसत नसेल तर जोर लावू नका. पट्टीवरच्या स्टिकरवर पिढी लिहिलेली असते. सीपीयू-झेड नावाचा मोफत प्रोग्रॅमही ती दाखवतो.

आणखी एक पाहा: सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट या पानावर ३२-बिट लिहिलं असेल, तर विंडोज ४ जीबीपेक्षा जास्त रॅम वापरणारच नाही. आधी ६४-बिट विंडोज टाकावं लागेल, नाहीतर नव्या रॅमचे पैसे वाया जातील. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव बरेच चढले आहेत. त्यामुळे खरंच गरज आहे का हे टास्क मॅनेजरला विचारा आणि दोन-तीन ठिकाणी भाव काढा.

झाशीचा उन्हाळा आणि कॅबिनेटमधली धूळ

मे-जूनमध्ये आमच्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. कॉम्प्युटरचा पंखा खोलीतलीच हवा आत फिरवतो. म्हणजे खोली ४० अंशांवर असेल, तर प्रोसेसर त्याहून थंड होऊच शकत नाही. साधारण १०० अंशांजवळ गेला की तो स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि तेवढ्यानं भागलं नाही, तर कॉम्प्युटर बंद पडतो. "दुपारी गेम खेळताना बंद पडतो, रात्री नीट चालतो," ही तक्रार ऐकली की आधी धूळ आठवावी.

उत्तर भारतातल्या घरांत उन्हाळ्यात खिडकीला कूलर असतो. त्याच्या थेट झोतात कॅबिनेट ठेवू नका. ती हवा थंड असली, तरी ओलसर असते आणि धूळही आणते. धूळ आणि ओल एकत्र आली की पंख्याच्या जाळीवर चिखलासारखा थर बसतो. कॅबिनेट भिंतीला चिकटवू नका, मागे वीतभर जागा सोडा. टेबलाच्या बंद कप्प्यात तर अजिबात ठेवू नका. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी पावसाळ्यातल्या दमटपणासाठी हेच लक्षात ठेवावं. कॉम्प्युटर महिनाभर बंद ठेवण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी अर्धा तास चालू ठेवलेला बरा.

सफाई अशी करा: स्विच बंद करा, मागची वायर काढा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा. कॅबिनेटच्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. बाजूचं झाकण उघडा. मऊ कोरडा ब्रश आणि हवेचा ब्लोअर वापरा. पंखा बोटानं धरून ठेवा. वाऱ्यानं तो भरधाव फिरला, तर त्याचा बेअरिंग बिघडू शकतो. ओलं फडकं नको. प्रोसेसर आणि त्यावरच्या पंख्याच्या मध्ये थर्मल पेस्ट असते. पाच-सहा वर्षांत ती वाळते. ती बदलणं स्वस्त काम आहे, पण पहिल्यांदा करत असाल, तर जाणकाराला शेजारी बसवा.

नेहमीचे आजार आणि घरचे उपाय

१. तारीख-वेळ रोज मागे जाते. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला आहे. त्यावर सीआर २०३२ असं लिहिलेलं असतं, तो ३ व्होल्टचा असतो आणि घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तारीख चुकली की बँकेची वेबसाइटही सुरक्षिततेची सूचना दाखवून उघडत नाही. अनेकांना तो व्हायरस वाटतो.

२. पंखे फिरतात, पण स्क्रीन काळी. आधी मॉनिटरची वायर दोन्ही बाजूंनी घट्ट करा. ग्राफिक्स कार्ड असेल, तर वायर मदरबोर्डच्या नव्हे, कार्डाच्या खाचेत लावा. तरी दिसत नसेल किंवा बीप-बीप वाजत असेल, तर वीज पूर्ण काढून रॅमची पट्टी बाहेर काढा. सोनेरी टोकांवर पेन्सिलचा स्वच्छ खोडरबर हलकेच फिरवा, कण झटका आणि 'टक' आवाज येईपर्यंत पट्टी परत बसवा. दोन पट्ट्या असतील, तर एकेक लावून बघा. "मदरबोर्ड गेला" असं निदान झालेले कितीतरी कॉम्प्युटर एवढ्यानंच सुरू होतात.

३. काहीच होत नाही, दिवाही लागत नाही. त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून वीज आहे का पाहा. मग एसएमपीएसच्या मागचं छोटं बटण आणि वायर तपासा. शेजारच्या चालू कॉम्प्युटरची पॉवर वायर लावून बघा.

४. काम करताना अचानक रीस्टार्ट होतो. उष्णता, कमजोर एसएमपीएस किंवा यूपीएसची संपलेली बॅटरी, हे तीन संशयित. यूपीएस बाजूला ठेवून थेट जोडल्यावर त्रास थांबला, तर बॅटरी बदला.

५. निळा पडदा येतो. त्यावरच्या कोडचा मोबाइलवर फोटो काढा. नुकतंच काही नवं जोडलं असेल, तर ते आधी काढून बघा. स्टार्टमध्ये विंडोज मेमरी डायग्नोस्टिक नावाची तपासणी आहे, ती रॅमचे दोष शोधते. डिस्कची तब्येत बघायला क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम आहे. तिथे 'गुड'ऐवजी 'कॉशन' किंवा 'बॅड' दिसलं, तर त्याच दिवशी बॅकअप घ्या.

विजेशी खेळ नको

एसएमपीएसचा डबा घरी कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक वीज साठलेली राहते. तो दुरुस्त करण्यापेक्षा बदललेला बरा. घेताना फक्त वॉटचा मोठा आकडा बघू नका. '८० प्लस' ही खूण आणि वॉरंटी बघा. हलका एसएमपीएस जाताना मदरबोर्ड आणि डिस्कलाही सोबत नेऊ शकतो.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटत असेल, तर घरातल्या अर्थिंगची तक्रार आहे. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, कॉम्प्युटरचं काम नंतर. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात घुसवण्याची सवय सोडा.

वीज वारंवार जात असेल, तर यूपीएस चैन नाही, विमा आहे. ६०० व्हीएच्या नेहमीच्या यूपीएसवर साधारण ३६० वॉटचा भार चालतो. त्याची १२ व्होल्टची बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. बॅकअप दोन मिनिटांवर आला की संपूर्ण यूपीएस न बदलता फक्त बॅटरी बदला. यूपीएसवर लेझर प्रिंटर लावू नका. तो एका झटक्यात फार वीज ओढतो.

विंडोज १० बंद झालं, मग कॉम्प्युटर बाद?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. कॉम्प्युटर चालू राहतो, पण सुरक्षेचे नवे अपडेट येत नाहीत. घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेटची सोय दिलेली आहे. विंडोज अपडेटच्या पानावर त्यासाठी नोंदणी करता येते.

विंडोज ११ ला ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० लागतं. प्रोसेसर इंटेलचा असेल, तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक हे मोफत ॲप तुमचा कॉम्प्युटर बसतो का ते सांगतं. 'नाही' असं उत्तर आलं, तरी एकदा थांबा. कित्येक कॉम्प्युटरमध्ये टीपीएम असतं, फक्त बायोसमध्ये बंद ठेवलेलं असतं.

प्रोसेसरच जुना असेल, तर लिनक्स हा मोफत पर्याय आहे. उबुंटू किंवा लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवर घेऊन, आधीचं काहीही न पुसता, चालवून बघता येतं. आपल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेनं बॉस नावाचं भारतीय भाषांना धरून बनवलेलं लिनक्सही दिलं आहे. ब्राउझर, यूट्यूब, पत्र लिहिणं, हिशेब मांडणं एवढंच काम असेल, तर अडचण येत नाही. टॅलीसारखं खास विंडोजचं सॉफ्टवेअर लागत असेल, तर मात्र आधी विचार करा.

दुकानात जाताना

बाजारात भैयाकडे कॉम्प्युटर सोडून येण्याआधी कॅबिनेटच्या आतले फोटो काढा: रॅमच्या पट्ट्या किती, डिस्कवरचा सीरियल नंबर काय. दुरुस्ती एसएमपीएस किंवा मदरबोर्डची असेल, तर शक्यतो डिस्क काढून घरीच ठेवा. त्यात घरातल्या बायका-मुलांचे फोटो आणि ब्राउझरमध्ये साठवलेले बँकेचे पासवर्ड असतात. बदललेला जुना भाग परत मागा, पक्कं बिल घ्या आणि वॉरंटी दुकानाची की कंपनीची, हे बिलावर लिहून घ्या. दिल्लीच्या नेहरू प्लेस किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर भाव कमी मिळू शकतो. पण भाग खराब निघाला, तर बदलायला पुन्हा तिथेच जावं लागेल. झाशीहून दिल्ली ४०० किलोमीटर आहे, हा खर्चही धरा.

कधी सोडून द्यायचं?

मदरबोर्ड खरंच जळला असेल आणि रॅम डीडीआर२ च्या काळातली असेल, तर त्यावर पैसे घालू नका. एसएसडी, रॅम आणि एसएमपीएस मिळून खर्च त्याच ताकदीच्या चांगल्या जुन्या कॉम्प्युटरच्या निम्म्याहून पुढे जात असेल, तरीही हिशेब बसत नाही. त्यातही क्रम लावा: आधी सफाई, मग सेल, मग एसएसडी, मग रॅम. एकेक बदल करा आणि आठवडाभर वापरून बघा. पुष्कळदा दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवरच काम भागतं.

भंगारात द्यायची वेळ आलीच, तर डिस्क तशीच देऊ नका. फाइल नुसती डिलीट केल्यानं पुसली जात नाही, साध्या प्रोग्रॅमनंही ती परत मिळते. विंडोजमध्ये 'रीसेट धिस पीसी' करताना ड्राइव्ह पूर्ण साफ करण्याचा पर्याय निवडा, किंवा डिस्क काढून जवळ ठेवा. बाकीचा डबा गाडीवरच्या भंगारवाल्याऐवजी नोंदणीकृत ई-कचरा केंद्राला द्या. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी त्याच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. उघड्यावर जाळलेल्या वायरींचा धूर आपल्याच मोहल्ल्यातल्या मुलांच्या छातीत जातो.

येत्या रविवारी मुलांना शेजारी बसवून कॅबिनेटचं झाकण उघडा. कोणता भाग काय करतो, हे त्यांना बोट ठेवून दाखवा. पुढच्या वेळी कॉम्प्युटर अडला की "नवीन घेऊ या" म्हणण्याआधी ती स्वतःच स्क्रू ड्रायव्हर शोधतील.